दमण, दीव आणि दाबोळी : अंतराचा एक विसरलेला हिशोब

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले विमान उड्डाण हे जगातले सर्वांत लहान नियमित उड्डाण म्हणून ओळखले जाते. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात, पण वारा पाठीशी असला तर त्याहूनही कमी वेळात विमान पलीकडे उतरते. ५३ सेकंदांचा विक्रम नोंदलेला आहे. लोगनएअर नावाची कंपनी १९६७ पासून ही सेवा देत आली. वैमानिक एक, प्रवासी जास्तीत जास्त आठ. शिक्षक, रुग्ण, शाळकरी मुले, बँकेतले कर्मचारी असे लोक त्यातून ये-जा करतात. आपण फेरीबोटीने बेतीहून पणजीला यावे तसाच प्रकार, फक्त हवेतून.

ही माहिती सहसा गंमत म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना आपल्याच इतिहासातले एक विमान आठवत राहते. आपल्या गोव्याचेही एकेकाळी स्वतःचे विमान होते आणि तेही अशाच छोट्या धावपट्ट्यांना जोडत असे : दाबोळी, दमण आणि दीव. त्यातले दीव हे भूगोलाच्या पुस्तकातले खरेखुरे बेट. दमण हे बेट नव्हे, गुजरातच्या किनाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा. पण १९५४ नंतर दमणची आणि गोव्याचीही अवस्था बेटासारखीच झाली होती. एका बाजूला अरबी समुद्र आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना बंद झालेली सरहद्द. बेट होण्यासाठी चहूबाजूंनी पाणीच लागते असे नाही, हे आपल्या आधीच्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवले आहे.

मी सरकारी कारकून. 'गोवा, दमण आणि दीव' हे तीन शब्द एका दमात म्हणायची आमच्या खात्याला सवय आहे, कारण आजही आम्ही ज्या कायद्यांचे हवाले देतो त्यांच्या नावातच ते आहेत. कूळ कायदा १९६४ चा, जमीन महसूल संहिता १९६८ ची, मुंडकार कायदा १९७५ चा. पण हे तीन शब्द एकत्र आले कसे, एकमेकांपासून किती लांब होते, आणि वेगळे झाले तेव्हा कुणाला चुटपूट का लागली नाही, हा विचार फाईल पुढे ढकलताना सहसा कुणी करत नाही. आज तोच करून पाहू.

आधी नकाशा. दाबोळी ते दीव हे सरळ हवाई अंतर साधारण ६६५ किलोमीटर. दाबोळी ते दमण साधारण ५७० किलोमीटर. दमण आणि दीव यांच्यामध्ये खंभातच्या आखाताचे तोंड आहे. ते सरळ ओलांडले तर सुमारे २०० किलोमीटर. हेच अंतर जमिनीवरून कापायचे झाले तर वडोदऱ्यापर्यंत वर चढायचे, आखाताला वळसा घालायचा, मग भावनगरवरून पुन्हा खाली सौराष्ट्राच्या टोकाला यायचे. रस्त्याने हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक भरते. समोरासमोरच्या दोन घरांत जायला सगळा वाडा फिरून यावे लागावे, तसे हे.

हे तीन ठिपके एका धन्याच्या हाती आले तेच मुळी समुद्रामुळे. गोवा अल्बुकेर्कने १५१० मध्ये घेतले. दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगी गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३५ मध्ये मिळाली. दमण १५५९ मध्ये व्हाइसरॉय कोन्स्तान्तीनो द ब्रागांसा याने घेतले. त्या काळात हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत, ऋतूंमध्ये मोजत. मे अखेरीस समुद्र बंद झाला की दीव आणि गोवा एकमेकांना जवळजवळ पारखे होत. १५४६ मध्ये दीवच्या किल्ल्याला दुसरा वेढा पडला तो नेमका पावसाळा तोंडावर असताना. गोव्यात बसलेल्या जुआंव द काश्त्रोने तशा खवळलेल्या समुद्रातूनही आपल्या दोन्ही मुलांना कुमक देऊन पाठवले. त्यातला फेर्नांदो दीवच्या तटबंदीवरच्या सुरुंगस्फोटात मेला. स्वतः काश्त्रो मोठे आरमार घेऊन पोचला तो नोव्हेंबरमध्ये. नंतर किल्ल्याच्या डागडुजीसाठी गोव्यातल्या नागरिकांकडून कर्ज काढताना त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले, ही कथा पोर्तुगीज इतिहासात फार गाजलेली आहे. तारणाचे सोडून द्या. पण दीव राखायचे तर पैसा गोव्याने द्यायचा, ही रीत तेव्हापासूनच पडली असे म्हणायला हरकत नाही.

पुढे चारशे वर्षे हे असेच चालले. जहाजे सुधारली, शिडे जाऊन वाफ आली, आगगाडी आली. ब्रिटिश हिंदुस्थानातून ये-जा करायला फारशी आडकाठी नसे. गोव्याचा माणूस मुंबईला जाई आणि तिथून बी.बी.सी.आय. रेल्वेने वापीला उतरून दमण गाठी. म्हणजे दोन पोर्तुगीज मुलखांमधला रस्ता इंग्रजांच्या मुलखातून जात होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. शेजारी जोवर वाट देतो तोवर आपण बेट आहोत हे कळतच नाही.

ते कळले १९५४ मध्ये. दमणच्या आत, भारतीय मुलखाने पूर्ण वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे पोर्तुगीजांकडे होते. दमणहून ते अगदी जवळ, पण मधली जमीन भारताची. २१ आणि २२ जुलै १९५४ च्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. पाठोपाठ आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि त्यांचे साथी, पुण्याकडून आलेले राजा वाकणकर, आपल्या सर्वांना गीतरामायणामुळे माहीत असलेले सुधीर फडके, अशा मंडळींनी नगर हवेलीत प्रवेश केला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे शिपाई होते, बंदुका होत्या. नव्हती ती वाट. भारताने मधून जाऊ दिले नाही आणि जवळचा मुलूख हातचा गेला.

पोर्तुगालने यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात डिसेंबर १९५५ मध्ये दावा लावला. आम्हा मराठी वाचकांना या खटल्यात एक वेगळाच रस वाटावा. पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा पुण्याचा तह आणि पेशवे दरबाराने १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदा. त्यामुळे हेगमधल्या न्यायमूर्तींपुढे मराठी कागदांचा कीस पडला. पेशव्यांनी ही गावे पोर्तुगीजांना सार्वभौम हक्काने दिली होती की केवळ वसुलासाठी सरंजाम म्हणून? न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात म्हटले की मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. मात्र ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या वहिवाटीने पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती तिथल्या तणावामुळे, त्यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही. थोडक्यात, दोन ठिपक्यांमधले अंतर किती हा प्रश्न पट्टीने सुटत नाही, हे जगातल्या सर्वोच्च न्यायपीठानेच एका परीने मान्य केले.

पण निकालाची वाट पाहत बसण्याइतके सालाझारचे सरकार भोळे नव्हते. दादराचे जे झाले ते उद्या दमणचे होईल, दीवचे होईल, ही धास्ती त्यांना बसली असणार. पुढे जे घडले त्याचा मला तरी हाच अर्थ लागतो. घाईघाईने विमानतळ बांधले गेले. मुरगावच्या पठारावर दाबोळी, नानी दमणमध्ये एक, आणि दीवमध्ये नागवा गावाजवळ एक. बार्देशातल्या आणि साष्टीतल्या नागव्याची आठवण करून देणारे हे नाव दीवमध्येही असावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. दाबोळीला तत्कालीन गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश याचे नाव दिले गेले. आणि १९५५ मध्ये 'ट्रान्सपोर्तेस आएरियोस दा इंडिया पोर्तुगेझा' या नावाची सरकारी विमानसेवा सुरू झाली. एवढे लांब नाव कोण घेणार? आद्याक्षरे जुळवून ती झाली 'ताइप'.

याच वर्षी गोव्याची दारे एकामागून एक बंद होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सामूहिक सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. भारताने संबंध तोडले, पणजीतली आपली वकिलात बंद केली, मुरगाव-लोंढा रेल्वेची वाहतूक थांबली, मुंबईच्या बोटी थांबल्या, पैसे पाठवणे आणि माल आणणे यांवर निर्बंध आले. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आणि पेडण्यात राहणारी आई यांच्यामध्ये परवान्यांची भिंत उभी राहिली. जुनी माणसे हॉलंडच्या बटाट्यांच्या गोष्टी सांगतात त्या याच काळातल्या. घाटापलीकडच्या बेळगावचा बटाटा गोव्यात येत नव्हता आणि युरोपातला येत होता. अंतराचा हिशोब किती उलटापालटा होऊ शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा वेळी ताइपची विमाने उडत होती. सुरुवातीची विमाने द हॅविलँड कंपनीची हेरॉन जातीची. चार छोटी इंजिने, चौदा ते सतरा प्रवासी, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारी. गंमत म्हणजे त्याच सुमारास भारताच्या इंडियन एअरलाइन्सकडेही हेरॉन विमाने होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच कारखान्याची विमाने. नंतर ताइपकडे व्हायकिंग आली, पुढे मोठी डी.सी.४ आणि डी.सी.६ आली, आणि सेवा कराचीवरून थेट लिस्बनपर्यंत पोचली.

हेरॉनचा नेहमीचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास. या वेगाने हिशोब मांडून पाहा. दमण ते दीव, आखात ओलांडून, पाऊण तास. दाबोळी ते दीव सव्वादोन ते अडीच तास. दीव ते कराची हे अंतर सहाशे किलोमीटर, म्हणजे आणखी दोन तास. दाबोळी ते दमण कागदावर दोन तास. पण इथे एक मेख आहे. नकाशावर दाबोळी आणि दमण यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर रेषा कोकणच्या जमिनीवरून जाते, मुंबईला जवळजवळ घासून. भारताची भूमी टाळायची तर विमानाला आधी समुद्रात शिरायचे, किनारा उजव्या हाताला दूर ठेवायचा आणि मग दमणच्या रोखाने वळायचे. म्हणजे दोन गावांमधले अंतर वाढले ते डोंगराने नव्हे, वादळाने नव्हे, तर धोरणाने. दीवचे मात्र उलटे. दाबोळी ते दीव ही सरळ रेषा सगळी समुद्रावरूनच जाते. त्यामुळे लांबचे दीव तसे सोपे आणि जवळचे दमण अवघड.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्याशी इथे तुलना करावीशी वाटते. तिथे समुद्राने माणसे वेगळी केली आणि विमानाने ती जोडली. शाळेत शिक्षक पोचावा, आजाऱ्याला डॉक्टर मिळावा, म्हणून सरकार पदरमोड करून ते विमान चालवते. ताइपसुद्धा सरकारी पैशानेच चाले. दीवमधल्या एखाद्या आजारी माणसाला किंवा दमणच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग झालाच असणार, तो मी नाकारत नाही. पण ती चालवली जात होती ती पोर्तुगालचा 'सागरपार प्रांत' अभंग आहे हे जगाला दाखवण्यासाठी. १९५१ मध्येच पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना प्रांत म्हणायला सुरुवात केली होती. प्रांताचे तीन तुकडे एकमेकांना दिसतही नसतील तर प्रांत कसला? म्हणून ते विमान. प्रवासी कमी आणि पुरावा जास्त, असे तिचे स्वरूप होते.

आणि त्याच आकाशात, त्याच काळात, आणखी एक आवाज होता. नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई सरहद्दीवरच्या जंगलातून गोवा मुक्तीचे नभोवाणी केंद्र चालवत होते. सरहद्द बंद होती, पत्रे अडत होती, पण ध्वनिलहरींना परवाना लागत नव्हता. ताइपची विमाने ज्या नाकेबंदीला वळसा घालून जात होती, त्याच बंद सरहद्दीवरून हा आवाज उलट्या दिशेने गोव्यात येत होता.

शेवट डिसेंबर १९६१ मध्ये झाला, आणि तोही विमानतळांपासूनच सुरू झाला. १८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. नंतर आणखी एक तुकडी आली. इमारत आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने मात्र वाचली. त्यातले एक ताइपचे डी.सी.४, दुसरे पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे कॉन्स्टेलेशन. रात्रीच्या अंधारात धावपट्टीची तात्पुरती डागडुजी करून, उरलेल्या आखूड पट्टीवरून ही दोन्ही विमाने अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन उडाली आणि समुद्रावरून कराचीला पोचली. ताइपचे गोव्यातून झालेले ते शेवटचे उड्डाण.

दमणमध्ये पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने पहाटेच विमानतळाच्या रोखाने चढाई केली. दीवमध्ये हवाई हल्ल्यात विमानतळाचा नियंत्रण मनोरा आणि धावपट्टी निकामी झाली. १९ डिसेंबरला तिन्ही ठिकाणी शरणागती झाली. त्याच दिवशी लिबियाबाई आणि वामनराव यांनी विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून गोमंतकीयांना मुक्तीची बातमी सांगितली. सहा वर्षे जे आकाश पोर्तुगीजांनी आपला धागा म्हणून वापरले त्याच आकाशातून ही बातमी आली.

इथवरचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना थोडाफार माहीत असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग, ज्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही.

मुक्तीनंतर बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा एक केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा तीस जागांची : अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. राजधानी पणजी. म्हणजे पोर्तुगीजांनी बांधलेली मोट आपण तशीच ठेवली. फक्त ती मोट ज्या दोरीने बांधलेली होती ती दोरी तुटली होती. ताइप गेली. तिच्या जागी तीन तुकड्यांना जोडणारी, प्रदेशाची स्वतःची अशी विमानसेवा पुन्हा काही उभी राहिली नाही. आणि गरज तरी काय होती? आता सरहद्द खुली होती. मुंबईची बोट चालू होती, लोंढ्याची गाडी चालू होती. दमणला जायचे तर वापी, दीवला जायचे तर सौराष्ट्र.

पण याचा अर्थ काय झाला ते पाहा. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खात्यात निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ सहकारी होते. तरुणपणी त्यांची दीवला बदली झाली होती. ते सांगत : पणजीच्या धक्क्यावरून बोटीने निघायचे, दुसऱ्या दिवशी मुंबई. तिथून रात्रीच्या गाडीने अहमदाबाद. मग मीटरगेजची गाडी, डबे बदलत, झुरळांशी मैत्री करत देलवाड्यापर्यंत. तिथून मिळेल त्या वाहनाने घोघला आणि शेवटी खाडी ओलांडून दीव. चौथ्या दिवशी कचेरीत हजर. 'बदलीचा हुकूम आला की घरात सुतक पडल्यासारखे व्हायचे', असे ते हसत हसत म्हणत. पगाराची थैली, कागदपत्रे, तपासणीचे साहेब, सगळे याच वाटेने.

पारतंत्र्यातल्या नाकेबंदीत अडीच तासांवर असलेले दीव, स्वातंत्र्यात चार दिवसांवर गेले. हे वाक्य चुकीच्या अर्थाने कुणी घेऊ नये. ते विमान सामान्य माणसाचे नव्हते, आणि त्याची किंमत बंद सरहद्दीच्या रूपाने सगळ्या गोव्याने मोजली होती. मुंबईतला मुलगा पेडण्याच्या आईला भेटू शकला हे दीवच्या विमानापेक्षा शंभर पटींनी मोलाचे. पण खरी गोष्ट ही की आपण सरहद्द उघडली तेव्हा प्रत्येक तुकड्याचे तोंड आपापल्या शेजाऱ्याकडे वळले. गोवा महाराष्ट्र-कर्नाटकाकडे, दमण वापी-सुरतेकडे, दीव उना-वेरावळकडे. हे नैसर्गिकच होते. अनैसर्गिक होते ते पोर्तुगीजांनी बांधलेले एकत्र कुटुंब. तरी चोवीस-पंचवीस वर्षे आपण एका विधानसभेत बसलो आणि एकमेकांकडे जायची नीट वाट काही केली नाही.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाद झडले. फूल की दोन पाने, १,७२,१९१ मते विरुद्ध १,३८,१७० मते, ३४,०२१ चा फरक, हे आकडे गोव्यातल्या मराठी माणसाला तोंडपाठ असतात. पण त्याच दिवशी दमण आणि दीवमध्येही मतदान झाले, तिथला प्रश्न गुजरातमध्ये विलीन व्हायचे की नाही हा होता, आणि तिथल्या लोकांनीही केंद्रशासित राहायलाच कौल दिला, ही गोष्ट आपल्या चर्चेत कितीदा येते? मी तरी क्वचितच ऐकली आहे. एका घरातल्या दोन भावंडांनी एकाच दिवशी एकच परीक्षा दिली आणि एकाने दुसऱ्याचा निकालसुद्धा विचारला नाही, असे ते झाले.

भाषेच्या बाबतीतही तेच. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. कोकणी राजभाषा, मराठीचा शासकीय कामासाठी वापर, यावर आपण आजवर किती शाई खर्च केली! पण त्या कायद्याचे पूर्ण नाव 'गोवा, दमण आणि दीव राजभाषा कायदा' असे आहे आणि त्यात दमण व दीवसाठी गुजरातीची तरतूद आहे, हे त्या वादात कुणाच्या लक्षात राहिले? आपण मराठी-कोकणी म्हणून भांडत होतो तेव्हा त्याच छपराखाली गुजराती बोलणारे दोन कोपरे होते. त्यांचे प्रत्येकी एक आमदार पणजीत येऊन बसत आणि परत जात.

मग ३० मे १९८७ उजाडला. गोवा घटक राज्य झाले. दमण आणि दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. सव्वाचारशे वर्षे ज्यांच्याबरोबर एका खात्यावर नाव होते ते वेगळे झाले याची हळहळ मात्र कुठे उमटल्याचे मला कुठल्या जुन्या गोमंतकीयाकडून ऐकायला मिळाले नाही. ज्या घरी कधी जाणेयेणेच नव्हते त्या घराची आठवण तरी कशी येणार?

दमण आणि दीव यांच्यामधले २०० किलोमीटर नंतरही तसेच राहिले. एका प्रदेशाचे दोन जिल्हे, मध्ये आखात. २०१८ मध्ये दमण-दीव हेलिकॉप्टर सेवा सुरू करावी लागली, कारण रस्त्याचा वळसा कुणालाच परवडत नाही. म्हणजे साठेक वर्षांनी पुन्हा तोच पाऊण-एक तासाचा हवाई रस्ता, या वेळी मात्र दाखवण्यापुरता नव्हे, गरजेपोटी. २६ जानेवारी २०२० पासून तर दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव असा एकच प्रदेश झाला आहे. ज्या दादराची वाट बंद झाली म्हणून ही सगळी विमानांची कथा सुरू झाली, ते दादरा आणि ते दमण आता एका प्रशासनाखाली आहेत आणि मधली वाट कुणी विचारत नाही.

आपल्याकडे काय उरले? कायद्यांची नावे उरली. मुंबई उच्च न्यायालयाचे छत्र दोघांवरही आहे. पणजीत बसणाऱ्या आर्चबिशपांच्या पदनामात गोव्याबरोबर दमण आहे. दाबोळीची धावपट्टी आहे, जिच्यावरून उतरून लाखो पर्यटक थेट कळंगुटची वाट धरतात.

माझ्या मते अंतराची खरी मोजणी अशी करावी : तिकडे जाण्याची गरज कुणाला आहे, आणि ती गरज भागवायची जबाबदारी कुणी घेतली आहे? पापा वेस्ट्रेवर शंभरएक माणसे राहतात. त्यांच्यासाठी दोन मिनिटांचे विमान चालते, कारण ती आपली माणसे आहेत असे ऑर्कनीच्या लोकांनी ठरवले आहे. ताइपचे विमान चालले ते मुलूख आपला आहे असे लिस्बनने ठरवले होते म्हणून. माणसांचा प्रश्न त्यात दुय्यम होता. आणि आपण? आपण मुलूखही ठेवला, माणसेही ठेवली, पण वाट केली नाही.

१९६१ ते १९८७ या काळात दमण-दीवला नोकरी केलेले शिक्षक, कारकून, पोलीस, डॉक्टर अजून आपल्या गावोगावी आहेत. त्यातले बरेच जण आता ऐंशीच्या घरात असतील. चार दिवसांचा तो प्रवास, तिथली भाड्याची खोली, गुजराती शेजार, सणाला घरी न येता आल्याची रुखरुख, हे सगळे त्यांच्याजवळ आहे आणि कुठल्याही फाईलमध्ये नाही. आपल्या घरात असे कुणी असेल तर त्यांना विचारा, आणि ते सांगतील तसे लिहून ठेवा. गोवा, दमण आणि दीव हे तीन शब्द खरोखर एकत्र जगलेली माणसे तीच.